मारिकिना : साडेएकवीस मीटर आणि बावीस मीटर

मेट्रो मनिलाच्या पूर्व कडेला मारिकिना नावाचं शहर आहे. पादत्राणांचा धंदा ही त्याची जुनी ओळख. त्याच नावाची नदी शहरातून वाहते आणि सान्तो निन्यो पुलापाशी तिची पातळी मोजली जाते. 26 सप्टेंबर 2009 रोजी ती तिथे साडेएकवीस मीटरपर्यंत चढली. 12 नोव्हेंबर 2020 रोजी बावीस मीटरपर्यंत. दुसऱ्या खेपेला पाणी अर्धा मीटर जास्त होतं, तरी शहरातल्या मृत्यूंचा आकडा पहिल्या खेपेच्या जवळपासही गेला नाही. घरं मात्र बरीचशी तीच बुडाली.

मधल्या अकरा वर्षांत फिलिपिन्सने कायदा केला, यंत्रणा उभारली, अब्जावधी पेसो खर्च केले. त्यातलं कशाने काम केलं आणि कशाने नाही, हे एकाच नदीच्या दोन आकड्यांतून इतकं उघड दिसतं, म्हणून हे प्रकरण निवडलं आहे.

इशारा वाऱ्याचा, मार पाण्याचा

2009 च्या वादळाचं आंतरराष्ट्रीय नाव केत्साना. फिलिपिन्सची हवामान संस्था 'पागासा' आपल्या हद्दीतल्या वादळांना स्वतःची नावं देते, त्यानुसार तिथे ते ओंदोय. बोलताना सगळेच त्याला टायफून म्हणतात, पण लुझोन बेटावर आलं तेव्हा ते टायफून नव्हतं. वाऱ्याच्या वेगाच्या हिशेबात त्याहून खालच्या वर्गात बसणारं वादळ होतं. टायफूनचं बळ त्याला पुढे दक्षिण चीन समुद्रात मिळालं आणि मग ते व्हिएतनामवर जाऊन आदळलं.

हा तांत्रिक तपशील वाटेल, पण सगळी गोम त्यात आहे. इशाऱ्याची पद्धत वाऱ्यावर बेतलेली होती. मनिलात त्या शनिवारी क्रमांक एकचा, म्हणजे सर्वांत खालचा बावटा होता. छपरं उडणार नाहीत एवढाच त्याचा अर्थ. पाऊस किती पडेल याबद्दल तो बावटा काहीच सांगत नव्हता. केझॉन सिटीतल्या सायन्स गार्डन वेधशाळेत 24 तासांत 455 मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्यातला मोठा हिस्सा सकाळी आठ ते दुपारी दोन या सहा तासांतला होता. तिथे सबंध सप्टेंबर महिन्याची सरासरी 391 मिमी आहे. आधीचा विक्रम 1967 सालचा, 334 मिमीचा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस बघितलेल्या मुंबईकराला 455 हा आकडा लहान वाटेल. पण मारिकिनाचं पाणलोट क्षेत्र सिएरा माद्रे डोंगररांगेच्या उभ्या उतारांवर पसरलेलं आहे. वर रिझाल प्रांतात, माँटाल्बान आणि सान मातेओच्या बाजूला पडलेलं पाणी खाली शहरात पोचायला काही तास पुरतात. सकाळी पाऊस, दुपारी छपरावर माणसं, असा तो दिवस होता.

नदीच्या वळणात प्रॉव्हिडंट व्हिलेज नावाची वसाहत आहे. बंगले, फाटक, पहारेकरी असलेली मध्यमवर्गीय वसाहत. तिथे पाणी पहिला मजला ओलांडून गेलं. पूर म्हणजे झोपडपट्टीचा प्रश्न, नाल्याकाठच्या लोकांनी तो ओढवून घेतलेला, असं मानणाऱ्यांना या वसाहतीने गप्प केलं. शिवाय मारिकिना हे काही बेशिस्त शहर नव्हतं. 1990 च्या दशकात महापौर बायानी फर्नांडो यांनी नदीकाठची अतिक्रमणं हलवून तिथे लांबच लांब उद्यान केलं होतं आणि देशभर त्याचं कौतुक होत होतं. ते उद्यान बुडालं, आणि ते बुडणं योग्यच होतं. नदीला पसरायला मोकळी जागा असावी म्हणूनच काठ रिकामा ठेवायचा असतो. पण उद्यानाच्या पलीकडे नदीचीच जुनी जागा व्यापून बसलेल्या पक्क्या घरांना हात लावणं कोणत्याही महापौराच्या आवाक्यातलं नव्हतं.

ओंदोयने देशभरात 464 जणांचा जीव घेतला. आठवडाभरात पेपेंग हे दुसरं वादळ उत्तर लुझोनवर आलं. दोन्हींचं मिळून नुकसान सुमारे 4.38 अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) 2.7 टक्के, असा अंदाज सरकार आणि जागतिक बँक आदी संस्थांनी मिळून काढला.

अर्धा बांधलेला उपाय

मारिकिनाच्या खालच्या अंगाला 1986 साली मांगाहान पूरकालवा पूर्ण झाला. लांबी जवळपास 10 किलोमीटर, सेकंदाला 2,400 घनमीटर पाणी वाहून नेण्याचा आराखडा. नदीचा पूर मध्य मनिलाकडे जाण्याआधीच वळवून लागुना दे बाय या विशाल तळ्यात सोडायचा, हे त्याचं काम. तळं 900 चौरस किलोमीटरचं, म्हणजे पाणी साठवायला जागा भरपूर.

पण मूळ कल्पनेला दोन बाजू होत्या. तळ्यात पाणी आणायचं, आणि पारान्याकेच्या बाजूने नवा सांडवा काढून ते तळ्यातून समुद्रात सोडायचं. पहिली बाजू बांधली गेली, दुसरी राहिली. तळ्याची सरासरी खोली अवघी अडीच मीटर आणि बाहेर पडायला वाट एकच, नापिंदान कालव्यातून पासिग नदीत आणि तिथून मनिला उपसागरात. पासिगचा उतार इतका कमी की भरतीला पाणी उलटं येतं.

परिणाम असा की मारिकिनातून पाणी एक-दोन दिवसांत ओसरलं, लोक चिखल उपसायला लागले, आणि तळ्याकाठच्या वस्त्यांमध्ये ते तुंबून राहिलं. तेही दिवस-दोन दिवस नव्हे, काही ठिकाणी महिनोन् महिने. रस्त्यातून होड्या, घराघरांतून फळ्यांचे पूल, निवाऱ्यासाठी शाळा अडवून बसलेली कुटुंबं आणि म्हणून बंद पडलेले वर्ग. त्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि दीडशेहून अधिक मृत्यू. पुराने मेलेल्यांच्या यादीत यातले बहुतेक येत नाहीत, कारण ते पुरानंतर मेले.

पुनर्वसनाच्या नियोजनात ही चूक वारंवार दिसते. पूर ओसरला हे ठरवतं कोण? राजधानीचे मुख्य रस्ते मोकळे झाले, कॅमेरे परतले, की मदत 'तातडीच्या' खात्यातून निघून 'पुनर्उभारणी'च्या खात्यात जाते. तळ्याकाठी अजून गुडघाभर पाणी असताना विटा-सिमेंटच्या मदतीचा काय उपयोग? तिथे गरज होती प्रतिजैविक गोळ्यांची, गमबुटांची, पिण्याच्या पाण्याची आणि भरीव रोख रकमेची.

कालव्याच्या काठांची गोष्ट वेगळीच. सरकारी जमीन, शहराला लागून, भाडं नाही; हजारो कुटुंबं तिथे येऊन राहिली आणि कालव्याची वहनक्षमता कमी होत गेली. त्यांना 'अतिक्रमण' म्हणणं सोपं आहे. मनिलात मजुरी करणाऱ्याला परवडेल असं दुसरं घर कुठे होतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही, असंही नाही. विचारला, पण ज्यांच्याकडे उत्तर असायला हवं होतं त्यांनी टाळला.

नुकसान कोणाचं, पैसे कोणाचे

त्या संयुक्त अंदाजातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा एकूण नुकसानीचा नाही. नुकसानीपैकी सुमारे 90 टक्के भार खासगी होता, हा आहे. खासगी म्हणजे फक्त कारखाने नव्हेत. गल्लीतलं 'सारी-सारी' दुकान, घरामागच्या दोन भाड्याच्या खोल्या, तळमजल्यावरचा जोड्यांचा छोटा कारखाना. मारिकिनाच्या चपला-बुटांच्या धंद्यात शिलाईची यंत्रं, चामड्याचे गठ्ठे आणि फर्मे घरातच असतात. घर बुडालं की कारखानाही बुडाला, आणि नाताळच्या मागणीचा हंगाम तोंडावर.

सरकार रस्ते-पूल दुरुस्त करतं, कारण ते सरकारी मालमत्तेच्या यादीत असतात. शिलाई यंत्र कोणत्याच यादीत नसतं. मग माणूस कर्ज काढतो. मनिलात अशा कर्जाला 'फाइव्ह-सिक्स' म्हणतात: पाच घ्यायचे, सहा फेडायचे, तेही थोड्या दिवसांत. हा धंदा करणाऱ्यांत पंजाबी भारतीय पुष्कळ, आणि तिथले लोक सरसकट त्यांना 'बुंबाय' म्हणतात, मुंबईवरून. मोटारसायकलवरून दारोदार वसुलीला येणारा बुंबाय हा तिथल्या वस्त्यांमधला परिचित माणूस आहे. त्याला खलनायक ठरवून विषय संपत नाही. पुरानंतरच्या आठवड्यात कागदपत्र न मागता पैसे देणारा बहुधा तोच असतो, कारण बँकेला लागणारे कागद पुरात गेलेले असतात.

कायद्याने या बाजूला फारसा हात घातला नाही, पण दुसऱ्या बाजूला घातला. मे 2010 मध्ये प्रजासत्ताक कायदा 10121 आला आणि 1978 चा जुना हुकूम गेला. आधी स्थानिक संस्थांचा 'आपत्ती निधी' हा मुख्यतः आपत्ती झाल्यावर खर्चायचा पैसा मानला जाई. नव्या कायद्यात उत्पन्नाच्या किमान 5 टक्के रक्कम बाजूला ठेवायची, त्यातले 30 टक्के तातडीच्या मदतीसाठी राखायचे आणि उरलेले 70 टक्के आधीच्या तयारीवर खर्चता येतील, अशी तरतूद झाली. होड्या, भोंगे, सराव, निवारे हे आता पूर येण्याआधी विकत घेता येऊ लागलं. श्रीमंत शहरांना याचा फायदा जास्त झाला, कारण 5 टक्के कशाचे यावर सगळं अवलंबून. मारिकिनाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नगरपालिकांची मिळकत बेताची आणि धोका मोठा.

पंधरा, सोळा, अठरा

2009 नंतर मारिकिनात जे खरोखर रुजलं ते म्हणजे तीन आकडे. नदी 15 मीटरवर गेली की पहिला भोंगा: सामान बांधा. 16 ला दुसरा: निघा. 18 ला तिसरा: आता राहायची परवानगी नाही, सक्तीने बाहेर काढणार. कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्यावरचे 39 आणि 43 फूट जसे पाठ असतात, तसे मारिकिनातल्या शाळकरी पोरालाही हे आकडे माहीत असतात. पाऊस सुरू झाला की लोक फोनवर नदीची पातळी बघत बसतात.

ही पद्धत चालली याची कारणं तपासण्याजोगी आहेत. आकडा एक आहे, तो सगळ्यांना दिसतो आणि त्यावर कोणाचं मत चालत नाही. वादळाचा वर्ग, वाऱ्याचा वेग, हवेचा दाब यांतून सामान्य माणसाने 'मी निघू का?' या प्रश्नाचं उत्तर काढायचं ही अपेक्षाच चुकीची होती. इथे पुलाच्या खांबावरची रेघ उत्तर देते. दुसरं, निर्णय जवळचा आहे. बारांगाय, म्हणजे आपल्या प्रभागासारखं सर्वांत खालचं स्थानिक एकक, भोंगा वाजताच हलतं. वरच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. तिसरं म्हणजे सराव आपोआप होतो. पहिला भोंगा वर्षाआड तरी वाजतोच, त्यामुळे तो विसरला जात नाही.

पागासानेही 2012 पासून पावसाचा वेगळा रंगीत इशारा सुरू केला. तासाला साडेसात ते पंधरा मिमी पिवळा, पंधरा ते तीस नारिंगी, तिसाच्या वर लाल. वाऱ्याच्या बावट्यातून पाऊस वेगळा काढला गेला. ओंदोयच्या चुकीची ही थेट दुरुस्ती. त्याच वर्षी 'प्रोजेक्ट नोआ' सुरू झाला: पर्जन्यमापकं, पातळीमापकं आणि रस्त्यापर्यंतचे पूरधोक्याचे नकाशे, सगळे लोकांसाठी खुले. 2017 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि फिलिपिन्स विद्यापीठाने तो प्रकल्प आपल्याकडे घेतला, म्हणून तो वाचला. चालू असलेलं उपयुक्त काम बंद करायला कारण लागत नाही, हे आपल्यालाही नवीन नाही.

याची परीक्षा लवकर झाली. ऑगस्ट 2012 मध्ये राजधानीवर वादळ न येताही नदी 20 मीटरच्या वर गेली. तो 'हाबागात', म्हणजे नैऋत्य मोसमी वारा, आपल्याकडे जूनमध्ये येतो त्याच व्यवस्थेचा पूर्वेकडचा भाग. दूरवरच्या वादळाने तो खेचला जातो आणि दिवसेंदिवस कोसळतो. लोक वेळेत बाहेर पडले. नोव्हेंबर 2020 मध्ये युलिसिस टायफून आला, तोही महासाथीच्या काळात, निवाऱ्यांत अंतर राखण्याची सक्ती असताना. नदी 22 मीटर झाली आणि ओंदोयचा विक्रम मोडला. प्रॉव्हिडंट व्हिलेजमध्ये पुन्हा लोक छपरांवर होते. पण बहुसंख्य लोक त्याआधीच घरं सोडून गेले होते.

तरीही त्या छपरावरच्या लोकांकडे दुर्लक्ष करू नये. ओंदोयचं पाणी भिंतीवर जिथवर आलं त्याच्या वर एक मजला चढवला, सामान तिथे ठेवलं, आता निघायची गरज नाही, हा हिशेब माणूस सहज करतो. जुन्या पुराची खूण ही कमाल मर्यादा नसते. महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा आखताना अमुक वर्षांच्या पुराचा हिशेब धरतात; तो हिशेबही संभाव्यतेचा आहे, हमीचा नाही, हे घर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

माणसं हलवली, रोजगार तिथेच राहिला

पुनर्वसनाचा सर्वांत महागडा आणि सर्वांत वादग्रस्त भाग हा. 2011 नंतर सरकारने 50 अब्ज पेसो बाजूला काढले आणि मेट्रो मनिलातल्या नाल्या-ओढ्यांच्या काठची एक लाख चार हजार कुटुंबं धोक्याबाहेर हलवण्याचं ठरवलं. योजनेचं नाव ओप्लान लिकास. हेतू चांगला होता. पण शहरात जमीन महाग म्हणून घरं बांधली गेली लागुना, बुलाकान अशा शेजारच्या प्रांतांत. नवं घर कोरडं होतं. तिथून रोजच्या कामावर यायला बसभाड्यात मजुरीचा मोठा भाग जाई, पाणी-विजेची जोडणी रखडे, शाळा-दवाखाना लांब. पुष्कळ घरांत बायकामुलं नव्या वसाहतीत आणि कमावता माणूस आठवडाभर परत नाल्याकाठी, अशी विभागणी झाली. काहींनी घर दुसऱ्याला देऊन टाकलं आणि परतले. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना माहुलला पाठवल्यावर काय झालं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

याला अपवाद घडला तो मांगाहान कालव्याच्याच काठावर. तिथल्या रहिवाशांच्या संघटनांनी एकत्र येऊन स्वतःचा आराखडा केला: आम्ही काठ सोडतो, पण पासिग शहराबाहेर जाणार नाही. वाटाघाटींना वर्षं लागली. शेवटी कालव्यापासून जवळच, शहरातच मध्यम उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक घरामागे खर्च जास्त आला, आणि विरोधकांचा मुद्दा तोच होता. पण बाहेरच्या प्रांतातल्या स्वस्त घराचा हिशेब करताना रिकाम्या पडलेल्या घरांची किंमत, बसभाडं आणि पुन्हा काठावर परतलेल्या माणसाला पुढच्या पुरात वाचवण्याचा खर्च धरला, तर ते स्वस्त राहतं का, याबद्दल मला शंका आहे.

मध्यमवर्गीय वसाहतींसाठी तर अशी कुठलीच योजना नव्हती. प्रॉव्हिडंट व्हिलेजमधल्या माणसाकडे मालकी हक्काचा कागद आहे, गृहकर्ज आहे. त्याला 'हल' म्हणणार कोण आणि मोबदला देणार कोण? त्यामुळे तो राहतो, दर वेळी घर धुतो आणि एक मजला वर सरकतो.

भिंती

उगमाकडे काही झालं ते कागदावर चांगलं दिसतं. नोव्हेंबर 2011 मध्ये मारिकिनाच्या वरच्या खोऱ्याला संरक्षित क्षेत्र घोषित केलं. दगडखाणी आणि जमिनीचे दावे त्याने थांबले नाहीत. 2012 मध्ये मेट्रो मनिलाचा पूरनियंत्रण बृहत् आराखडा मंजूर झाला, 352 अब्ज पेसोंचा. वरच्या खोऱ्यात पूर अडवणारं धरण हे त्यातलं मोठं काम, ते वर्षानुवर्षं मागे पडत गेलं. जपानच्या कर्जातून पासिग-मारिकिना नदीपात्राच्या सुधारणेचे टप्पे मात्र चालू राहिले. जुलै 2024 मध्ये कारिना टायफूनने हाबागात खेचला तेव्हा नदी परत 20.7 मीटरवर गेली.

मग 28 जुलै 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (कनिष्ठ) यांनी वार्षिक भाषणात पूरनियंत्रणाच्या कामांमधल्या भ्रष्टाचारावर जाहीर बोट ठेवलं. आकडे त्यांच्याच सरकारने दिले: जुलै 2022 पासून मे 2025 पर्यंत 9,855 कामं, 545 अब्ज पेसो. त्यातले सुमारे 100 अब्ज अवघ्या 15 ठेकेदारांकडे गेलेले. म्हणजे सबंध महानगराच्या बृहत् आराखड्यापेक्षा जास्त रक्कम तीन वर्षांत तुकड्या-तुकड्यांच्या भिंतींवर खर्ची पडली होती. बुलाकान प्रांतात तर पूर्ण झाल्याची नोंद असलेली काही कामं जागेवर नव्हतीच. 21 सप्टेंबरला मनिलात हजारो लोक रस्त्यावर आले.

मारिकिनाच्या पुलावर नदी किती मीटर आहे हे सांगायला कोणालाही एक मिनिट पुरतं. वरच्या अंगाला भिंत बांधली की नाही हे कळायला तीन वर्षं आणि राष्ट्राध्यक्षांचं भाषण लागलं. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने कामांची यादी ठिकाण, ठेकेदार आणि रकमेसह एका संकेतस्थळावर टाकली आणि लोकांना सांगितलं, आपल्या भागातलं काम बघून या, फोटो काढा, तक्रार करा. लोक गेले. काही ठिकाणी भिंत सापडली, काही ठिकाणी भाताचं शेत.